संबंध जमतच नाहीत आणि सगळे म्हणतात 'रिलॅक्स हो' : व्हजायनिस्मसबद्दल

निळी_शाई | १२ जून, रात्री ११:४०

माझा इथे जुना आयडी आहे. त्यावर पाककृती आणि प्रवासवर्णनं लिहिते. हा धागा नव्या आयडीने काढते आहे, कारण त्या आयडीला सासरची दोन माणसं ओळखतात आणि त्यांना हे इथून कळावं असं मला वाटत नाही.

लग्न २०१४ साली झालं. ठरवून, पण आधी सहा महिने भेटून, बोलून. नवरा समजूतदार आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत त्याचीच चौकशी होईल. पहिल्या रात्री काही जमलं नाही. दोघंही दमलो होतो. मग देवदर्शन, पाहुणे, महाबळेश्वर. तिथेही नाही. जवळ येणं, मिठी, स्पर्श, सगळं मला हवंसं वाटायचं. पण शेवटच्या क्षणी आत कोणीतरी भिंत घातल्यासारखं व्हायचं. मांड्या मिटायच्या, कंबर गादीवरून वर उचलून मागे सरकायची, श्वास अडकायचा. आज नाही सरकायचं, असं मी मनाशी घोकत असायचे आणि तोवर शरीर सरकून झालेलं असायचं. जोर केला तर आग व्हायची, ब्लेडने कापल्यासारखी. त्याने दोनदा प्रयत्न केला, माझा चेहरा पाहिला आणि नंतर स्वतःहूनच थांबला.

पहिल्या डॉक्टरांकडे वर्षाने गेलो. आतून तपासणी करायला घेतली आणि मी टेबलावर वरच्या टोकाला सरकले. "एवढं घाबरलीस तर बाळंतपण कसं करशील?" असं त्या म्हणाल्या. दुसरीकडे सांगितलं, पडदा (योनीच्या तोंडावरचं पटल) जाड आहे. भूल देऊन तो काढला. टाके भरायला तीन आठवडे गेले आणि त्यानंतर नुसता हात लागला तरी मी दचकायला लागले. तिसरीकडे थोडी वाईन घेऊन पाहा म्हणाले. घरात सासूबाईंनी नवस बोलले. एका आत्याने माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीच्या मनात दुसरं कोणी आहे का?" आई त्या रात्री जेवली नाही.

२०२१ मध्ये वंध्यत्वाच्या केंद्रात पोचलो. संबंधच येत नाहीत हे तिथल्या फॉर्मवर लिहायला रकानाच नव्हता. आतल्या सोनोग्राफीसाठी आत नेलं, मी नेहमीसारखी आकसले. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी प्रोब बाजूला ठेवला, माझ्यावर चादर ओढली आणि विचारलं, "हे प्रत्येक वेळी होतं? स्वतःचं बोटसुद्धा जात नाही?" मी मान हलवली. त्यांनी फाईलच्या मागच्या कागदावर एक शब्द लिहून दिला. व्हजायनिस्मस. "हा आजार आहे. बरा होतो. पोटावरून करू सोनोग्राफी, पाणी पिऊन ये."

रिक्षात तो कागद मी परत परत काढून बघत होते. सात वर्षं मी हट्टी, थंड, नाटकी आहे असं सगळ्यांना वाटत होतं आणि हळूहळू मलाही ते पटलं होतं.

आता, हे काय असतं. योनिमार्गाच्या तोंडाभोवती आणि ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे ओटीपोटाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते, आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. लघवी रोखून धरताना आपण जे आवळतो, ते हेच स्नायू. व्हजायनिस्मसमध्ये काही आत जाणार अशी नुसती चाहूल लागली तरी हे स्नायू आपोआप आवळले जातात. डोळ्याजवळ कोणी बोट आणलं की पापणी मिटते, तसं. बरेच जण लाजाळूच्या पानांची उपमा देतात, ती मला पटत नाही, कारण याचा लाजेशी संबंध नाही. पापणी मिटणाऱ्याला आपण लाजाळू म्हणत नाही. आवळलेल्या स्नायूवर जोर केला की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी भीती आधी येते, भीती आली की स्नायू आणखी लवकर आवळतात. माझं ते पडद्याचं ऑपरेशन हे चक्र आणखी घट्ट करून गेलं.

माझी फिजिओथेरपी साडेसात महिने चालली. त्याबद्दल विचारलंत तर सविस्तर लिहीन. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल, जात असेल, तर बोला. नवा आयडी काढून बोललात तरी चालेल.

---

रानजाई | १३ जून, सकाळी ७:१५

लिहिलंस हे फार बरं केलंस. एक विचारू? इच्छा नसणं आणि हे, यातला फरक बाईला स्वतःला कसा कळावा? माझ्या बहिणीचं असंच काहीसं चाललंय आणि ती म्हणते, मला ते नकोच वाटतं.

---

निळी_शाई | १३ जून, सकाळी ९:०२

रानजाई, मलाही पाचव्या-सहाव्या वर्षी नकोच वाटायला लागलं होतं. दर वेळी वेदना आणि मग रडणं, याची इच्छा कशी उरेल? बहिणीला सुरुवातीचं विचार. लग्नाआधी, साखरपुड्यानंतर काय वाटायचं? आणि टॅम्पॉन, कप, डॉक्टरांचं बोट, योनीत ठेवायची गोळी, यांपैकी काही कधी आत गेलंय का? यातलंही काही जात नसेल तर प्रश्न फक्त इच्छेचा नाही.

---

डॉक्टर_गोदाकाठ | १३ जून, दुपारी २:४८

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. धागाकर्तीला जे सहन करावं लागलं त्याबद्दल माझ्या व्यवसायाच्या वतीने वाईट वाटतं. आम्हाला शिकवताना या विषयावर फार थोडं बोललं जातं.

हा शब्द नवा नाही. जेम्स मॅरियन सिम्स नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र सोसायटीपुढे तो मांडला. त्याने सुचवलेला उपाय म्हणजे पटल काढणं आणि योनीचं तोंड कापून मोठं करणं. याच सिम्सने १८४०च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला तो यामुळेच. हे सांगायचं कारण, 'पडदा जाड आहे, कापू या' हा विचार त्या काळापासून चालत आलेला आहे. पटल खरोखर जाड किंवा बंद असू शकतं, योनीत आडवा-उभा पडदाही असू शकतो, पण ते क्वचित, आणि नीट तपासल्याशिवाय तसं म्हणू नये. आवळणारा स्नायू पडद्याच्या मागे असतो. पडदा कापून तो सैल पडत नाही.

दुखण्याची इतर कारणं आधी बघावी लागतात. योनीच्या तोंडाशी कापसाच्या काडीने हलकं टेकवलं तरी ठरावीक जागी आग होत असेल तर व्हेस्टिब्युलोडायनिया असू शकतो. त्वचा पांढरट, पातळ, खाज सुटणारी असेल तर लायकेन स्क्लेरोसस. वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, बाळंतपणातला टाका, स्तनपानाच्या काळात किंवा पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा. खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. यातलं काही असेल आणि त्याच्या वेदनेमुळे स्नायूही आवळायला शिकले असतील, असं दोन्ही एकत्र पुष्कळदा सापडतं. म्हणूनच अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीत व्हजायनिस्मस आणि संबंधावेळची वेदना ही दोन निदानं एकत्र केली गेली. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही सगळ्या आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हा विकार मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या वेगळ्या प्रकरणात ठेवला आहे. 'हे तुझ्या डोक्यात आहे' असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

तपासणीबद्दल एक. पहिल्याच भेटीत आतून तपासलंच पाहिजे असं नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं उपकरण, तर नकोच. पेशंट 'थांबा' म्हणाली की हात त्याच क्षणी मागे घ्यायचा, आणि हे तिला आधी सांगायचं. मी आरसा हातात देते आणि तिलाच आधी बघायला सांगते. पस्तिशी-चाळिशीच्या, दोन पदव्या घेतलेल्या बायका तो आरसा धरून म्हणतात की हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

---

सातारकर_काकू | १३ जून, रात्री ८:३०

माझं वय ७१. असल्या विषयावर लिहीन असं वाटलं नव्हतं.

माझी एक धाकटी मावशी होती. १९६२ साली लग्न झालं आणि चार महिन्यांत तिला माहेरी आणून सोडलं. 'मुलगी संसाराला लायक नाही' एवढंच तिच्या सासऱ्यांनी माझ्या आजोबांना सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. मी तेव्हा लहान, पण स्वयंपाकघरातलं कुजबुजणं ऐकू यायचं. 'हात लावू देत नाही म्हणे', 'ओरडते म्हणे'. त्या माणसाचं दुसरं लग्न झालं. मावशी आमच्याकडेच राहिली, शिवणकाम करायची. आमचे सगळ्यांचे परकर-पोलकी तिच्या हातचे. १९९८ मध्ये गेली.

तिला हेच होतं की अजून काही, हे आता कोण सांगणार. पण काल तुझं लिहिलेलं वाचताना 'शरीर सरकून झालेलं असायचं' इथे आले आणि मला तिचा चेहरा दिसला. डॉक्टरबाई, १९६२ मध्ये आपल्याकडे याला काही उपाय होता का हो?

---

डॉक्टर_गोदाकाठ | १३ जून, रात्री ९:५५

काकू, हळूहळू रुंदी वाढवत जाणाऱ्या नळ्यांचा उपाय तेव्हाही पाश्चात्त्य वैद्यकात माहीत होता. १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने जोडप्याला बरोबर घेऊन तो कसा वापरायचा हे मांडलं, मग तो जास्त पसरला. पण साताऱ्याहून तुमची मावशी कोणाकडे गेली असती? मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून मराठीत लैंगिक आरोग्यावर मासिक चालवत होते, लोकांच्या शंकांना उघड उत्तरं देत होते. ते १९५३ मध्ये गेले आणि मासिकही थांबलं.

मावशींबद्दल लिहिलंत, आभार.

---

ओवी_फिजिओ | १४ जून, सकाळी ११:२०

मी पेल्व्हिक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी करते. आमच्याकडे बायका बहुतेक दोन चुकीचे सल्ले घेऊन येतात.

पहिला, केगेल करा. केगेल व्यायाम स्नायू आवळून मजबूत करण्यासाठी आहेत. आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. इथे स्नायू आधीच चोवीस तास अर्धवट मूठ वळून बसलेला असतो, त्याला आणखी आवळायला लावून काय साधणार? योगवर्गात शिकवला जाणारा मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांचंही तेच, त्यांतही हा तळच आवळायचा असतो. माझ्याकडे आलेली एक मुलगी दोन वर्षं रोज नेमाने मूलबंध करत होती, आणि दर महिन्याला त्रास वाढत होता. तिला आधी मूठ उघडायला शिकवावं लागलं.

दुसरा सल्ला, रिलॅक्स हो. स्नायू कुठे आहे हेच ज्याला जाणवत नाही त्याने तो सैल कसा सोडायचा? हे शिकावं लागतं. आडवं पडून एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट वर येऊ द्या. श्वासपटल खाली येतं तेव्हा तळाची झोळीही किंचित खाली उतरते. लघवी सुरू होताना जो सैलपणा वाटतो, तोच इथे शोधायचा आहे. बालासन, आनंद बालासन, उशांचा आधार घेऊन भद्रासन, ही आसनं मदत करतात. दात आवळलेले असतील तर जबडा सोडा. हसू नका, जबडा आणि ओटीपोट एकत्र आवळलेले मी रोज बघते.

नेदरलँड्समध्ये २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. हा विकार असलेल्या आणि नसलेल्या बायकांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवल्या आणि स्नायूंची हालचाल मोजली. भीतीच्या प्रसंगात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले गेले, मानेखांद्याचे स्नायूही आवळले गेले. आणि हे दोन्ही गटांत झालं. म्हणजे ही धोक्यापासून बचाव करण्याची सगळ्या शरीराची सवय आहे, काही थोड्या बायकांचा विक्षिप्तपणा नाही. मी पेशंटला आत हात लावण्याआधी तिचे खांदे बघते ते यासाठी. खांदे कानाला लागले की थांबायचं.

---

निळी_शाई | १४ जून, दुपारी ४:१०

ओवी, माझ्या फिजिओ पण खांद्यांवरच बोलायच्या! पहिल्या तीन भेटींत त्यांनी मला आत हातच लावला नाही.

विचारलंय म्हणून क्रम सांगते. आधी श्वास, दोन आठवडे. मग आरसा. मग फक्त बाहेरून बोट टेकवणं, आत नाही. मग स्वतःचं करंगळीचं टोक, पाण्यावर आधारित जेल लावून. त्या दिवशी नखाएवढं आत गेलं आणि मी बाथरूममध्ये बसून रडले. वेदनेने नाही, दुखलं नाही म्हणून.

त्यानंतर डायलेटर. सिलिकॉनच्या गुळगुळीत कांड्या असतात, करंगळीएवढ्या जाडीपासून वाढत जाणाऱ्या. सिलिकॉनच्या असतील तर जेल सिलिकॉनचं घ्यायचं नाही, पाण्याचं घ्यायचं. खोबरेल तेलही काही जणी वापरतात, पण कंडोम वापरत असाल तर तेल नको, लॅटेक्स खराब होतं. रोज दहा-पंधरा मिनिटं. आत घातलं की हलवायचं नाही, तसंच ठेवून श्वास घेत राहायचं, अंगाला सवय होऊ द्यायची. मी कानात आकाशवाणीची जुनी भावगीतं लावायचे. तिसऱ्या मापावर पाच आठवडे अडकले. एकदा चिडून एकदम चौथं घेतलं, तर दोन मापं मागे आले. घाई करू नका, खरंच.

नवऱ्याची भूमिका नंतर आली. आधी त्याने फक्त शेजारी बसायचं. मग माझ्या हातावर हात ठेवायचा. मग डायलेटर त्याच्या हातात, पण दिशा आणि वेग मी ठरवायचा. आणि त्या साडेसात महिन्यांत संबंधाचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, असं फिजिओंनी बजावलं होतं. त्या बंदीने आम्हा दोघांना केवढं हलकं वाटलं! कित्येक वर्षांनी रात्र झाली की पोटात गोळा येईनासा झाला.

---

चंद्रमौळी | १४ जून, रात्री १०:३५

नवऱ्याच्या बाजूने लिहितो.

आम्हाला चार वर्षं लागली. मित्र जेव्हा मुलांच्या शाळांबद्दल बोलायचे तेव्हा मी विषय बदलायचो. एकाने विचारलं, तुझ्यातच काही प्रॉब्लेम नाही ना, आणि मी ते बायकोला येऊन सांगितलं, तिला बोचेल अशा स्वरात. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. तिला मी नकोय, हाच अर्थ मी त्या आकसण्यातून काढत होतो. एकदा तिने माझा हात धरून तिच्या मांडीवर ठेवला, म्हणाली, "बघ, मी आवळत नाहीये, ते आपोआप आवळतंय." मांडीचा स्नायू दगडासारखा थरथरत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत.

पुरुषांना एकच सांगतो. तिथे जोर लावून काही उघडत नाही. जितका जोर कराल तितकं शरीर लक्षात ठेवतं. आणि आपल्याही शरीरावर त्याचा परिणाम होतो. मला स्वतःला नंतर ताठरतेचा त्रास सुरू झाला, भीतीने. समुपदेशकाकडे दोघं गेलो तेव्हा तो सुटला.

---

उत्तरा_उत्रेख्त | १५ जून, पहाटे २:०५

ओवींनी नेदरलँड्सचा उल्लेख केला म्हणून. मी इथे नऊ वर्षं आहे. इथे 'बेकनफिजिओ' म्हणजे ओटीपोटाची फिजिओथेरपिस्ट, हा सर्वसाधारण शब्द आहे, आणि फिजिओथेरपिस्टकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही थेट जाता येतं. बाळंतपणानंतर मैत्रिणी सहज सांगतात, जाऊन ये.

लायडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो माझ्या थेरपिस्टने मला सांगितला होता. आयुष्यात कधीच संबंध जमले नव्हते अशा ७० बायका. निम्म्यांना उपचार लगेच, निम्म्यांना थांबून. उपचारात थेरपिस्ट शेजारी बसते आणि बाई स्वतःच्या हाताने, टप्प्याटप्प्याने आत घालण्याचा सराव करते, एका आठवड्यात दोन-दोन तासांच्या जास्तीत जास्त तीन बैठका, मग घरी सराव. उपचार घेतलेल्या ३५ पैकी ३१ जणींना बारा आठवड्यांत संबंध जमले, थांबलेल्या ३५ पैकी ४ जणींना. मी त्या ३१ जणींसारखी पटकन सुटले नाही, मला आठ महिने लागले. पण सुटले.

---

वकिलीण_बाई | १५ जून, दुपारी १:००

कायद्याची बाजू थोडक्यात. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२(१)(अ) : समोरच्याच्या असमर्थतेमुळे विवाह शरीरसंबंधाने पूर्ण झाला नसेल तर न्यायालयाकडून तो रद्द करून घेता येतो. नवरा किंवा बायको, कोणाच्याही विरुद्ध. व्हजायनिस्मसची प्रकरणं या कलमाखाली येतात, आणि अर्जात भाषा असते 'प्रतिवादी संबंधास नकार देते'. मुलीच्या वकिलालाच आजाराचं नाव माहीत नसतं, मग बरा होणारा आजार आहे हे न्यायालयापुढे मांडणार कोण? अशी नोटीस आली असेल तर घाबरून सही करू नका. तपासणीचे आणि उपचारांचे सगळे कागद जपून ठेवा.

---

अबोली_२६ | १५ जून, रात्री ११:५८

हा माझा इथला पहिलाच प्रतिसाद. वय २६, लग्न व्हायचंय. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींनी मेन्स्ट्रुअल कप घेतले तेव्हा मीही घेतला. आत जाईच ना. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली. तेव्हापासून तो डबीत पडून आहे. आता घरी स्थळं बघतायत. एक मुलगा मला आवडलाय. माझं काय होणार या विचाराने झोप लागत नाही. त्याला सांगू का? आणि लहानपणी माझ्याबाबतीत वाईट काहीही घडलेलं नाही, मग मला हे का?

---

निळी_शाई | १६ जून, सकाळी ६:३०

अबोली, मी आत्ता उठून पहिलं तुझंच वाचलं.

वाईट काही घडलेलं असेल तरच हे होतं असं नाही. काहींच्या मागे अत्याचार असतो, आणि त्यांना त्या जखमेसाठीही वेगळी मदत लागते. पण माझ्याही आयुष्यात तसं काही नव्हतं. चुलत बहिणीच्या लग्नानंतर बायका 'पहिल्या रात्री फार रक्त जातं' म्हणून हसत होत्या आणि मी बारा वर्षांची कोपऱ्यात बसून ऐकत होते, एवढं आठवतं. कारण सापडलं नाही तरी उपचार अडत नाहीत.

घाम, गार पडणं, उलटी, हे सगळं यात होतं. तू लग्नाआधीच हे शोधलंस. माझी सात वर्षं गेली, तुझी जायची गरज नाही. आधी तपासून घे, पण अशा डॉक्टरांकडे ज्या थांबतात. जाण्याआधी फोनवर विचार : आज आतून तपासणी केली नाही तरी चालेल ना? उत्तर कसं देतात त्यावरून कळेल.

मुलाला सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मला विचारशील तर, आवडलेल्या माणसाला मी सांगितलं असतं. 'मला एक त्रास आहे, त्यावर उपचार चालू आहेत' एवढ्या दोन वाक्यांत.

---

डॉक्टर_गोदाकाठ | १६ जून, सकाळी ८:४५

अबोली, निळी_शाई म्हणते ते बरोबर. 'लग्न झालं की आपोआप होईल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

मूल होण्याबद्दल काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय, इथेच सांगते. व्हजायनिस्मस असूनही दिवस राहू शकतात. वीर्य योनीच्या तोंडाशी किंवा सुई नसलेल्या सिरिंजने थोडं आत सोडलं तरी गर्भधारणा होऊ शकते. बाळंतपण नैसर्गिकही होऊ शकतं, सिझेरियन केलंच पाहिजे असं नाही. फक्त प्रसूतिगृहात आधी सांगून ठेवा, म्हणजे कळांच्या वेळी सारखी आतून तपासणी होणार नाही. काही हट्टी प्रकरणांत स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन स्नायूत देतात, पण त्यानंतरही डायलेटरचा सराव करावाच लागतो.

---

मोगरा_५८ | १६ जून, संध्याकाळी ६:२०

माझं उलट आहे. तीस वर्षं संसार सुरळीत, दोन मुलं. पाळी गेल्यावर तीन वर्षांनी दुखायला लागलं आणि मग आत काही जाईचना. मला वाटलं, वय झालं, आता कशाला. तुमचं वाचून यावेळी पहिल्यांदा डॉक्टरांना तोंड उघडून सांगितलं. कोरडेपणा आहे, इस्ट्रोजेनची मलम दिलीय, आणि स्नायूंसाठी फिजिओकडे पाठवलंय.

---

अबोली_२६ | २९ ऑगस्ट, रात्री ९:१२

जाऊन आले. सोबत मावशी होती. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी फक्त बोलून घेतलं. आता फिजिओच्या सहा भेटी झाल्यात. त्या मुलालाही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारलं, "दुखतं का तुला रोज?" अजून काही ठरलेलं नाही.

निळी_शाई, एकच अडचण. घरात माझी वेगळी खोली नाही, बहिणीबरोबर झोपते. डायलेटर कुठे ठेवायचे आणि सराव कधी करायचा?

---

निळी_शाई | २९ ऑगस्ट, रात्री १०:०१

मी साड्यांच्या घडीत ठेवायचे, खणाच्या कापडाच्या पिशवीत. सराव आंघोळीच्या आधी. गीझर लावायचा, दाराला कडी घालायची, पाणी तापेपर्यंत पंधरा मिनिटं मिळतात. नंतर साबणाने धुऊन पूर्ण वाळवूनच पिशवीत घालायचे. कितवं माप चालू आहे?

---

अबोली_२६ | २९ ऑगस्ट, रात्री १०:०४

दुसरं. पण कालपासून खांदे वर जात नाहीयेत.